शुद्धिपत्र

भांडुपला, आमच्या लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत
परवापासून माझं नाव आहे.
वर गणपतीच्या वर्गणीचा हिशेब,
खाली टाकी धुण्याची तारीख,
मधे थकबाकीदार : तिघे.
दुसरा मी. बी विंग, सातवा मजला,
अठ्ठेचाळीस हजार सहाशे.
आणि तळाशी सेक्रेटरी गवाणकरांच्या अक्षरात :
'संस्थेवर नामोष्की ओढावु नये ही विनंती.'

एकतीस वर्षं मी हा शब्द तपासला,
फोर्टात, वर्तमानपत्राच्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेदहाच्या पानांवर.
पालिकेवर नामुष्की, संघावर नामुष्की,
मंत्र्यांवर तर आठवड्यातून दोनदा.
नवी पोरं विचारायची, सर, शेंडीफोड्या की पोटफोड्या?
पोटफोड्या, मी म्हणायचो,
पोट फुटल्याशिवाय ती येत नाही.

तिचं क्रियापदही ठरलेलं : ओढवते.
बढती ओढवत नाही कुणावर,
मुलीचं लग्न ओढवत नाही.
संकट, मरण, आणि ही.

पुरवणीतले टिपणीस सांगायचे, बशी ओठाला लावून :
हिचं माहेर दूर, ग्रीकांकडे.
तिथे नोमोस, म्हणजे कायदा.
अरबांनी त्याचा नामूस केला,
फारशीत नामूस म्हणजे अब्रू.
मग दफ्तरांच्या बासनांतून दख्खनेत येता येता
कुठेतरी अंगरखा उलटा घातला गेला :
अब्रू आहे म्हणायला निघालेला शब्द
अब्रू गेली म्हणू लागला.
कुठे उलटला, कुणी लिहून ठेवलेलं नाही.
टिपणीस म्हणत, असंच असतं,
दातांचं नाव दात दुखणाराच घेतो.

आई मात्र म्हणायची,
नामुष्की म्हणजे नावाला लागलेली उचकी.
कुणीतरी आठवण काढतंय,
चांगली नाही.
कोशात हे बसणार नव्हतं,
टिपणीसांना मी कधी सांगितलं नाही.

तर, यादीत केनी लिहिलंय.
मी केणी. बाणाचा ण.
रविवारी तळमजल्यावरच्या मिसेस फुर्टाडो म्हणाल्या,
अंकल, तो कोणी दुसरा असेल ना?
पिशवी खाली ठेवून उभ्या होत्या त्या,
मी हो म्हणायची वाट बघत.
म्हटलं, असेल.

आणि दोन दिवस मी केनी नव्हतो.
लिफ्टमध्ये वर बघायचो, आकडे बदलताना.
पैसे कुठे गेले ती गोष्ट वेगळी.
धाकट्या भावाला जामीन राहिलो,
त्याचा शब्द तपासून घेतला नव्हता.

आज पहाटे साडेचारला खाली उतरलो.
पेटीला कुलूप नाही, नुसती खिटी.
लाल पेन अजून खिशात असतं, सवय.
आधी नामोष्की : मो खोडला, मु दिला.
मग ढाचा काना काढला, वु दीर्घ केला.
मग बराच वेळ
न पाशी उभा.
बाकी दोघांची नावं शुद्ध होती.
वॉचमन खुर्चीतून बघत होता,
म्हणाला, साहेब, नाव खोडताय?
मी समासात रेघ ओढली,
नेमाप्रमाणे खूण केली, आणि बाहेर
ण लिहिला,
जरा मोठाच झाला.

संध्याकाळी गवाणकरांनी नवा कागद लावला.
केणी. बरोबर.
रकमेत शंभर वाढलेत,
'सूचनाफलक विद्रुप केल्याबद्दल.'
विद्रूपमधला रू
ऱ्हस्व काढलाय त्यांनी.